मिठाच्या बरणीमागे

मामा तसा कुणाचाच मामा नव्हता, एक पिठ्या सोडला तर. पण पिठ्यानं लहानपणी भट्टीच्या दारात उभं राहून 'मामा, मामा' असा काही धोशा लावला होता की गिऱ्हाइकांच्या तोंडीही तेच बसलं. पुढं वयानं मोठी माणसंसुद्धा त्याला मामा म्हणू लागली, आणि त्यानं कधी तक्रार केली नाही. तक्रार करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. पाव जळला तर तो भट्टीला शिव्या द्यायचा नाही आणि स्वतःलाही द्यायचा नाही. जळका पाव बाजूला ठेवून पावांची दुसरी फळी आत सरकवायचा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागं भट्टी, मधे पीठ मळायची लाकडी काठवट, पुढं गिऱ्हाइकांसाठी कट्टा. भिंतीला एक कोनाडा आणि त्यात मिठाची चिनी मातीची बरणी. बरणी अशी ऐसपैस की तिच्यामागं काय आहे ते दिसायचं नाही, आणि मामाशिवाय तिला कुणी हात लावायचं नाही. बरणीचं एवढं पुराण सांगतोय ते उगाच नाही.

त्या भट्टीचा एक नेम होता. सकाळी पहिली फळी बाहेर आली की मामा वरचा पाव उचलायचा, गिऱ्हाइकांसमोर मोडायचा आणि स्वतः खायचा. घास गळ्याखाली उतरला की मगच विक्री सुरू. हा नेम त्याच्या बापाचा. टंचाईच्या काळात भट्टीवाले पिठात खडूची भुकटी काय, लाकडाचा भुसा काय, वाट्टेल ते कालवायचे. तेव्हा बापानं ठरवलं की जो विकतो त्यानं आधी खावं. पुढं टंचाई गेली, बापही गेला, नेम तेवढा राहिला. गिऱ्हाइकं मुकाट उभी राहून मामाच्या गळ्याकडे बघायची, पण सवयीनं, संशयानं नव्हे.

या नेमाला अपवाद एकच, ताई. मामाची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची आणि पहिल्या फळीच्या वेळेला रोज हजर असायची. मामा पाव मोडून अर्धा तिच्या हातात द्यायचा, आणि मामाचा घास अजून दातांतच घोळतोय तोवर हिचा गिळूनसुद्धा झालेला असायचा. कुणी हटकलंच तर म्हणायची, "सख्ख्या भावाचा पाव खायला मी कशाला थांबू?"

लढाईच्या वर्षी परक्या फौजेनं गाव घेतलं. ताईचा नवरा तारमास्तर होता. त्यानं कुठली तार पाठवली होती की नव्हती, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. फौजेनं त्याला तारघराच्या भिंतीशी उभं केलं आणि गोळी घातली. पिठ्या तेव्हा रांगत होता. मग घरावर छापा पडला आणि तारमास्तरचे कपडे, फोटो, कागद, सगळं नेलं. त्याचा एक रुमाल तेवढा ताईच्या कमरेला खोचलेला होता म्हणून वाचला. पांढरा रुमाल, एका कोपऱ्याला फाटलेला. पांढरा दोरा तेव्हा मिळत नव्हता म्हणून तिनं त्याला निळ्या दोऱ्यानं रफू केलं होतं.

काही दिवसांनी ताई भट्टीत आली. हातात तोच रुमाल, त्याला गाठ, आणि गाठीत उंदराचं औषध. पलटणीचा पाव याच भट्टीत भाजला जायचा. तिनं रुमाल काठवटीच्या काठावर ठेवला. "तुझ्या हातात आहे," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मामानं तिला सांगितलं की भट्टीवरचा पहारेकरी क्षणभरही हलत नाही. शिवाय काल झडती झाली आणि गाठ रुमालासकट आगीत टाकावी लागली. ताई औषधासाठी रडली नाही. रुमालासाठी मात्र ती अशी रडली की मामाला तोंड फिरवावं लागलं.

तेव्हापासून ताईचं एक वाक्य होऊन बसलं: संधी मिळाली असती तर माझ्या भावानं एकेकाला झोपवलं असतं. शेजारणींना हेच, पाहुण्यांना हेच, आणि पिठ्याला तर दुधाबरोबर हेच. नवरा गेला, पण भाऊ वाघाचा बच्चा आहे, नशीब तेवढं आडवं आलं, या एका वाक्यावर तिनं सगळं आयुष्य उभं केलं.

आणि ते वाक्य खोटं होतं. पहारेकरी रोज पहाटे ओले बूट भट्टीच्या तोंडाशी वाळत ठेवायचा आणि अनवाणी विहिरीवर जायचा. निवांत अंघोळ उरकून, गाणं गुणगुणत परत यायचा. तेवढ्या वेळात मामानं सबंध गावाला विष घातलं असतं. एका पहाटे त्यानं गाठ सोडलीही होती. काठवटीत पीठ मळून तयार होतं. पलटणीच्या हवालदाराला पहिल्या पावाचा नेम कळला होता आणि भारी आवडला होता. तो रोज समोर उभा राहून मामाला खायला लावायचा. म्हणजे पहिला घास मामाचाच. त्यानं गाठ पुन्हा बांधली आणि मिठाच्या बरणीमागं ठेवली.

मरणाची भीती वाटली, की सकाळी भुकेनं येणाऱ्या माणसांचं मरण आपल्या हातानं मळवेना, हे त्याचं त्यालाच कधी उमगलं नाही. त्यानं दोन्ही कारणं जवळ बाळगली होती आणि ज्या दिवशी जे सोसवेल ते काढायचा. लढाई संपल्यावर औषध त्यानं खड्ड्यात पुरलं, रुमाल धुतला, घडी घातली. पण ताईला द्यायचा कसा? रुमाल दिला की झडती खोटी, झडती खोटी की पहारेकरी खोटा. तो बरणीमागंच राहिला.

आणखी एक गोष्ट त्याला अधूनमधून टोचायची. पहिला पाव कोण खातो हे ताईला काय ठाऊक नव्हतं? ती तर त्याच भट्टीत वाढलेली. पण दुःखात माणसाला सुचत नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं आणि त्यावर झाकण घातलं होतं.

पिठ्या मोठा झाला, शहरात गेला, सिनेमे काढू लागला. मागच्या थंडीत तो आला आणि पिठाच्या पोत्यावर ठाण मांडून बसला. आईचं वाक्य त्यानं जन्मभर ऐकलं होतं. तो सारखा एकच विचारत होता: खरंच संधी नव्हती, मामा? पहिल्या दिवशी मामानं उडवून लावलं, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तो थकला. म्हातारपणी माणूस गुपितापेक्षा ते धरून ठेवण्यानं जास्त थकतो. त्यानं सगळं सांगितलं, बूट, विहीर, बरणी, सगळं, आणि रुमालही काढून दाखवला.

"तुझी आई आहे तोवर हे ओठांबाहेर काढायचं नाही," मामा म्हणाला. पिठ्यानं काठवटीवर हात ठेवून शपथ घेतली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मामाला वाटलं, बरं झालं, पोरगा आपला आहे.

तो गेल्यावर रुमाल बरणीमागं नव्हता. मामानं कोनाडा उपसला, पोती हलवली, शेवटी उंदरानं नेला असेल म्हणून गप्प बसला. ज्याला मांडीवर खेळवला त्याच्यावर संशय घ्यायला मन धजत नाही.

सिनेमा आला तेव्हा गावच्या थिएटरात पहिला खेळ खास गावासाठी ठेवला होता. मामा आणि ताई पहिल्या रांगेत. ताईनं ठेवणीतला स्वेटर घातला होता. सिनेमा सगळा करड्या रंगाचा होता. माणसं करडी, भिंती करड्या, आणि पीठ हवेतून असं सावकाश उतरत होतं की बघत राहावं. रंग एकाच वस्तूला होता. पडद्यावरची विधवा आली आणि तिनं काठवटीच्या काठावर एक लालभडक रुमाल ठेवला.

कॅमेरा त्या रुमालाच्या इतका जवळ गेला की धागा न् धागा दिसू लागला. एका कोपऱ्यात भिंतीएवढं मोठं रफू दिसत होतं.

"हे माझं रफू आहे," ताई हळूच म्हणाली.

पडद्यावर पहारेकऱ्यानं बूट काढले आणि अनवाणी विहिरीकडे चालू लागला. पडद्यावरच्या भट्टीवाल्यानं गाठ सोडली, बांधली आणि मिठाच्या बरणीमागं ठेवली. ताईनं मान वळवून भावाकडे पाहिलं. सगळं थिएटर पडद्याकडे बघत होतं आणि मामा आपल्या चपलांकडे. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही.

मग पडद्यावरचा हात पुन्हा बरणीकडे गेला. इथून पुढचं सगळं पिठ्याचं. संथ संगीत सुरू झालं, औषध पिठात मिसळलं, आणि सैनिक नाचाच्या गिरक्या घेत एकेक करून कोसळले. त्यांच्या तोंडून आलेला फेससुद्धा सुंदर दिसत होता. पहिला पाव कुणी खाल्लाच नाही. तो नेम सिनेमात नव्हताच.

थिएटरात शिट्ट्या झाल्या. मागच्या रांगांतली पोरं बाकांवर उभी राहिली. कुणीतरी फेस बघून हसलं आणि त्याला शेजारच्यानं दरडावलं. शाळेतले म्हातारे मास्तर उठून चालू लागले. दाराशी म्हणाले, आम्ही तेव्हा प्रेतं उचलली होती, एकही असं गिरकी घेऊन पडलं नव्हतं. इस्पितळातली नर्सही तेच म्हणाली, फक्त जरा शिवीसकट. शिंप्याला मात्र वाटलं की इतक्या वर्षांनी आपण छाती भरून श्वास घेतला. वर्तमानपत्रांत एकानं लिहिलं की ही रक्ताची कविता आहे, दुसऱ्यानं लिहिलं की हे लढाईचं अत्तर आहे. आणि रोजची गिऱ्हाइकं एकाच मुद्द्यावर तणतणत होती: आमच्या मामाचा पहिला पाव कुठं गेला? जेवढी तोंडं तेवढ्या गोष्टी.

खेळ सुटल्यावर पिठ्या हारतुऱ्यांतून वाट काढत मामाकडे आला आणि वाकून नमस्कार करू लागला. मामानं पाय मागं घेतले.

पिठ्या म्हणाला की मी शपथ मोडली नाही, आईला एक अक्षरही सांगितलेलं नाही. रुमाल खरा हवा होता, खोट्यात ती जान येत नाही. मागितला असता तर तुम्ही दिला नसता. आणि बघा तरी, सगळं गाव तुमच्या नावानं टाळ्या वाजवतंय. "तुम्हाला जी संधी मिळाली नाही ती मी तुम्हाला दिली, मामा."

"मला मिळाली होती रे," मामा म्हणाला. "तेच तर तुला सांगितलं होतं."

पिठ्यानं खिशातून रुमाल काढून परत दिला. लाल तो नुसता पडद्यावरच नव्हता, खरोखर रंगवलेला होता. मामाच्या मनात एवढंच आलं की आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता बोंब कुणाच्या नावानं मारायची? केसानं गळा कापावा तसं झालं होतं. घरी येऊन त्यानं रुमाल भिजवला, साबणानं चोळला, उकळला. बादलीतलं पाणी लाल झालं, पण रुमाल काही पांढरा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ताई पावाला आली नाही. मामानं पहिला पाव मोडला आणि अर्धा हातात धरून उभा राहिला. मग गिऱ्हाइकं चुळबुळू लागली तसा त्यानं आपला अर्धा खाल्ला. तिसऱ्या दिवशीही ती आली नाही. तो तिच्या दाराशी जाऊन आला. दार उघडलं नाही, आतून भांड्यांचा आवाज मात्र येत राहिला.

भट्टीचा धंदा वाढला, हे आणखी एक. परगावची माणसं फोटो काढायला यायची. एकजण कट्ट्यावर रेलून डोळा मारत म्हणाला, खरं सांगा, किती जणांना लोळवलं? मामा म्हणाला, पाव किती देऊ? पोरं पाव घेताना 'आज औषध कोणतं?' म्हणून खिदळायची. पहिला पाव खाताना लोक आता त्याच्या गळ्याकडे निराळंच बघायचे. कौतुकानं बघायचे, पण त्या कौतुकात एक बारीकसा संशय मिसळलेला होता. 'मी नाही मारलं' असं त्याला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण सांगितलं तर ताईचं वाक्य गावासमोर खोटं पडणार, आणि न सांगावं तर पिठ्याचं खोटं आपल्या नावावर चढणार. तो पाव विकत राहिला.

थिएटरचा डोअरकीपर पाव घ्यायला यायचा. त्यानं सहज म्हणून सांगितलं की ताई रोज दुपारच्या खेळाला येतात, भावाचा पराक्रम बघून अजून डोळे निवत नाहीत म्हणे. गावातही तेच बोललं जात होतं, की म्हातारीचा जीव अखेर शांत झाला. मामाला मात्र वाटलं की खऱ्या भावावर फुली मारून बहिणीनं पडद्यावरचा भाऊ करून घेतला. त्याला राग आला, बऱ्याच दिवसांनी आला, आणि रागाच्या तळाशी रडू होतं.

सिनेमा उतरायच्या दिवशी त्यानं भट्टी लवकर विझवली, रुमाल खिशात घातला आणि दुपारच्या खेळाला गेला. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. तो अंधारात चाचपडत ताईच्या शेजारी बसला. तिनं एकदा पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे तोंड वळवलं.

रुमाल आला तेव्हा ती पुढं वाकली. रफू भिंतीएवढं झालं तेव्हा तिचे ओठ हलले. आणि तो हात दुसऱ्यांदा बरणीकडे वळला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. संगीत वाजत होतं, माणसं गिरक्या घेत मरत होती, पण ताईनं एकदाही डोळे उघडले नाहीत. ती सूड बघायला येतच नव्हती. ती आपल्या नवऱ्याचा रुमाल बघायला येत होती.

मामानं खिशातला रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं अंधारातच कोपरा शोधला आणि रफूवरून बोट फिरवलं.

"बरणीमागं होता?"

"हो."

"मी रोज तुझ्यासमोर उभी असायचे, तेव्हाही?"

"हो, ताई."

मामाला वाटलं, आता जे टोचतंय तेही बोलून टाकावं. इतकी वर्षं घातलेलं झाकण त्यानं उचललं.

"पहिला पाव मला खावा लागला असता, ताई. हवालदार समोर उभा असायचा."

"मला ठाऊक होतं," ताई म्हणाली.

पडद्यावर शेवटचा सैनिक पडला. मागं दोन-तीन पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिनं आवाज चढवला नाही, रडलीही नाही. "तेव्हा मला तूही चालला असतास," ती म्हणाली. "मला सगळंच संपायला हवं होतं." मग तिनं रुमालाची घडी घातली आणि स्वेटरच्या खिशात ठेवली. दिवे लागायच्या आत ती उठून गेली. मामा बसूनच राहिला. खुर्च्या झाडायला आलेल्या डोअरकीपरनं, आवडला का सिनेमा, असं विचारलं तेव्हा तो उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. कट्ट्याच्या बाजूला, जिथं ती नेहमी उभी राहायची, तिथं ती आली नाही. ती गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिली, नर्सच्या मागं. मामानं पहिली फळी बाहेर ओढली, वरचा पाव उचलला आणि मोडला. सवयीनं त्याचा हात पुढं झाला. रांगेतली माणसं तिला वाट द्यायला सरकली.

ती पुढं आली, पण तिनं हात स्वेटरच्या खिशातून बाहेर काढला नाही.

"आधी तू," ती म्हणाली.

मामानं तिच्याकडे पाहिलं. मग आपला अर्धा तोंडात घातला आणि चावू लागला. पाव गरम होता, नेहमीसारखाच चांगला झाला होता. ताई त्याच्या गळ्याकडे बघत होती, घास खाली उतरेपर्यंत. उतरल्यावर तिनं ट्रेमधला एक पाव उचलला, इतरांसारखे पैसे ठेवले आणि निघून गेली. मामानंही ते पैसे उचलून गल्ल्यात टाकले.

तिचा अर्धा पाव दुपारपर्यंत कट्ट्यावर पडून होता. दुकान बंद करताना मामानं तो खाल्ला.